माहेर जाळणारं सासर : लीझेलॉटेची गोष्ट

आजच्या भागात नावं बरीच आहेत आणि नाती त्याहून जास्त. त्यामुळे ऐकताना गोंधळ झाला असेल, तर हा लिखित मजकूर सावकाश वाचा.

मार्च १६८९. जर्मनीतलं हायडेलबर्ग शहर आणि तिथला किल्ला फ्रेंच सैन्य पेटवून देतंय. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं म्हणणं काय, तर या प्रदेशात माझ्या भावजयीचा वारसाहक्क आहे आणि तो मी मागतोय. आणि ती भावजय? ती व्हर्सायच्या राजवाड्यात बसून रडतेय, कारण जळतंय ते तिचं माहेर. तिच्याच नावाने.

तिचं पूर्ण नाव एलिझाबेथ शार्लोटे. घरचे म्हणायचे लीझेलॉटे. जन्म २७ मे १६५२, हायडेलबर्गचा. वडील कार्ल लुडविग हे फाल्त्स नावाच्या संस्थानाचे अधिपती. हे साधंसुधं संस्थान नव्हतं. जर्मन सम्राट निवडण्यात ज्या मोजक्या राजांना मत असायचं, त्यांच्यापैकी एक मत फाल्त्सचं. पण तीस वर्षांच्या युद्धात हा प्रदेश पार उद्ध्वस्त झाला होता. १६४८ च्या तहानंतर कार्ल लुडविग परत आले आणि पुढचं आयुष्य त्यांनी पडझड सावरण्यात घालवलं. मानहाइम शहर तर त्यांनी पुन्हा वसवलं.

घरात मात्र सगळा सावळागोंधळ. लीझेलॉटेच्या आईशी त्यांचं पटेना. त्यांनी एकतर्फी फारकत जाहीर केली आणि १६५८ मध्ये लुईझ फॉन डेगेनफेल्ड हिच्याशी लग्न केलं. लुईझ खालच्या दर्जाच्या सरदार घराण्यातली. अशा लग्नाला जर्मनीत ‘डाव्या हाताचं लग्न’ म्हणायचे. लग्न धर्माच्या दृष्टीने चालायचं, पण बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही. या लग्नातून तेरा मुलं झाली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या भांडणातून बाहेर काढायचं म्हणून सात वर्षांच्या लीझेलॉटेला हॅनोव्हरला आत्याकडे पाठवलं. ही सोफी आत्या. तिथली चार वर्षं आपल्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती, असं लीझेलॉटे म्हातारपणीही सांगायची. सोफी तिच्यासाठी आईच्या जागी होती आणि शेवटपर्यंत राहिली.

१६७१ मध्ये लग्न ठरलं. नवरा म्हणजे चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ फिलिप, ऑर्लेआंचा ड्यूक. तो विधुर होता. त्याची पहिली बायको हेन्रिएटा आदल्या वर्षी अचानक वारली होती आणि विषप्रयोगाच्या अफवा उठल्या होत्या. गंमत बघा, ही हेन्रिएटा लीझेलॉटेच्या वडिलांची सख्खी मामेबहीण. म्हणजे नात्याने जिला आत्या म्हणायचं, तीच पुढे सवत ठरली! युरोपातल्या राजघराण्यांच्या वंशवृक्षाला वृक्ष म्हणणंच चूक आहे. आमच्या कामात आम्ही याला सरळ ग्राफ म्हणू, कारण फांद्या सारख्या एकमेकींना येऊन मिळतात.

कार्ल लुडविग यांचा हिशोब सोपा होता. शेजारी बलाढ्य फ्रान्स. मुलगी त्या घरात दिली की तो आपल्यावर चालून येणार नाही. त्यासाठी प्रोटेस्टंट मुलीला मेस शहरात कॅथलिक व्हावं लागलं. आणि उपयोग काय झाला? लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच, १६७४ मध्ये, फ्रेंच सैन्याने फाल्त्समधली गावं जाळली. सोयरिकीचं संरक्षण एवढंच टिकलं.

सासरी सुरुवातीला बरं चाललं होतं. नवऱ्याला ओढ पुरुषांची, हे साऱ्या दरबाराला ठाऊक होतं. तरी तीन मुलं झाली, त्यातला थोरला लहानपणीच गेला. त्यानंतर दोघांनी वेगळं राहायचं ठरवलं आणि लीझेलॉटेला त्याचं दुःख झालं नाही. थोरले दीर, म्हणजे खुद्द राजा, तिच्यावर खूष होता. ती घोड्यावर बसून शिकारीला यायची आणि तोंडावर खरं बोलायची.

मग १६८५ साल उजाडलं. वडील पाच वर्षांपूर्वीच गेले होते. आता गादीवरचा सख्खा भाऊ कार्लही निपुत्रिक वारला. आता ती तेरा मुलं आठवा. त्यातले काही मुलगे हयात होते, मोठे झाले होते. पण डाव्या हाताच्या लग्नाची मुलं म्हणून गादीसाठी त्यांची गणतीच नाही. घर भरलेलं आणि वारस कोणी नाही! गादी दूरच्या नॉयबुर्ग शाखेकडे गेली आणि लुईने भावजयीच्या वतीने मालमत्तेवर दावा ठोकला. तिला कोणी विचारलंही नाही. ती त्या व्यवहारात माणूस नव्हती, खरेदीखत होती.

१६८८ च्या शरद ऋतूत युद्ध सुरू झालं. वारसाहक्क हे एकमेव कारण नव्हतं. ऱ्हाइन नदीची सरहद्द आणि कोलोनच्या आर्चबिशपची निवड हेही वाद होतेच. पण तिचं नाव हा हाताशी असलेला सोयीचा कागद होता. ऱ्हाइनवर उतरलेल्या सैन्याचं सेनापतिपद राजाच्या मुलाकडे, म्हणजे तिच्या पुतण्याकडे. युद्धमंत्री लूव्वाचं धोरण असं, की जो प्रदेश राखता येणार नाही तो शत्रूच्याही उपयोगाचा ठेवायचा नाही. मार्चमध्ये हायडेलबर्ग आणि मानहाइम, मेअखेरीस श्पायर आणि वोर्म्स. वडिलांनी उभारलेलं मानहाइम जमीनदोस्त झालं. हायडेलबर्ग तर १६९३ मध्ये पुन्हा फोडलं. किल्ल्याचे जे भग्न बुरूज बघायला आज पर्यटक जातात, त्यांच्यावरचे बरेचसे घाव या दोन वेळचे आहेत.

तिने सोफी आत्याला लिहिलं, की डोळा लागला की आपण हायडेलबर्गला किंवा मानहाइमला आहोत असं वाटतं, सगळी नासधूस दिसते, दचकून जाग येते आणि मग झोप येत नाही. आपलं नाव वापरून आपल्या माणसांना बेघर केलं, हे तिला सर्वात जास्त लागलं होतं. दरबारात मात्र तिचं रडणं कोणाला रुचलं नाही. सासरच्या विजयात सुनेने शोक करायचा नसतो ना!

मग तिच्या हातात राहिलं काय? पत्रं. तिने आयुष्यभरात साठ हजारांच्या आसपास पत्रं लिहिली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. टिकली आहेत ती साधारण दहावा हिस्सा. सोफी आत्याला आणि त्या ‘डाव्या हाताच्या’ सावत्र भावंडांना तिने सतत लिहिलं. सावत्र भाऊ कार्ल लुडविग तिचा फार लाडका. तो १६८८ मध्येच व्हेनिसच्या बाजूने तुर्कांशी लढताना ग्रीसमध्ये मारला गेला. सावत्र बहीण लुईझ हिच्याशी मात्र पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालला. कायद्याने ज्यांना घरातलं मानलं नाही, त्यांना तिने घरातलंच मानलं.

ही पत्रं टपालात फोडून वाचली जायची आणि तिला ते माहीत होतं. तरी ती लिहायची, वर वाचणाऱ्यांना टोमणेही मारायची. १६९२ मध्ये तिच्या मुलाचं लग्न राजाच्या अनौरस मुलीशी ठरलं, तेव्हा तिने भर दरबारात मुलाच्या कानाखाली वाजवली, असं सँ-सिमोंने आठवणींत लिहून ठेवलंय. राजाची गुपचूप केलेली दुसरी बायको मादाम द मेंतनों, म्हणजे नात्याने जाऊबाई. तिच्याबद्दल लीझेलॉटे वाट्टेल ते लिहायची. १६०१ नव्हे, पुढच्या शतकात, १७०१ मध्ये नवरा वारल्यावर मेंतनोंने तिच्यापुढे तिचंच पकडलेलं पत्र ठेवलं आणि तिला माफी मागावी लागली.

त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने कायदा केला, की राणी ॲननंतर गादी सोफीच्या प्रोटेस्टंट वंशाकडे जाईल. रक्ताच्या नात्याने लीझेलॉटेचा क्रम सोफीच्या आधी लागत होता, कारण ती सोफीच्या थोरल्या भावाची मुलगी. पण मेसमध्ये धर्म बदलला तिथेच तो हक्क संपला होता. १७१४ मध्ये सोफीचा मुलगा जॉर्ज इंग्लंडचा राजा झाला. सोफी त्याच्या काही आठवडे आधीच गेली होती.

लीझेलॉटेचा मुलगा १७१५ पासून बालराजा पंधराव्या लुईच्या वतीने फ्रान्सचा कारभार बघू लागला. ८ डिसेंबर १७२२ ला सँ-क्लू इथे ती वारली. मुलीच्या बाजूने मारी आंत्वानेत तिची पणती. मुलाच्या बाजूने फिलिप एगालिते तिच्या नातवाचा नातू, ज्याने सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं. १७९३ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोघंही गिलोटीनखाली गेले.

आपण म्हणतो, लग्नाने दोन घरं जोडली जातात. लीझेलॉटेच्या बाबतीत ती जोडली गेली ती दावा सांगण्यापुरती. माणसं जोडून ठेवली ती तिच्या पत्रांनी. हायडेलबर्ग तिला पुन्हा कधी बघायला मिळालं नाही, पण पन्नास वर्षं फ्रान्समध्ये राहून ती रोज जर्मनमध्ये लिहीत राहिली.