शहाण्णव छेदांची संख्या

जुन्या पोथींत लांबलचक संख्या आली म्हणजे बहुतेक संपादक ती मुकाट्यानें उतरून घेतात व पुढें जातात. शब्दांचे पाठभेद तळटीपेंत काळजीपूर्वक नोंदले जातात. अंकांच्या पाठभेदांत मात्र खरा कोणता व खोटा कोणता हें ठरविण्यास साधन नाहीं, अशी समजूत दिसते. निदान एका स्थळीं तरी हें साधन ग्रंथांतच देऊन ठेविलेलें आहे. तें साधन म्हणजे घातांकांचा नियम होय.

स्थळ अनुयोगद्वारसूत्रांतील आहे. हा अर्धमागधी ग्रंथ परंपरेनें आर्यरक्षितांचा मानला जातो. मनुष्यांची किमान संख्या किती, हें तेथें निरनिराळ्या प्रकारें सांगितलें आहे. ती एकोणतीस स्थानें व्यापते. ती चोवीस स्थानांच्या पलीकडे व बत्तिसांच्या अलीकडे आहे. सहाव्या वर्गास पांचव्या वर्गानें गुणिलें असतां ती येते. आणि तिला शहाण्णव वेळां छेद देतां येतो, म्हणजे ती तितक्या वेळां निमपट करतां येते. वरवर वाचणारास हीं चारही एकाच अर्थाचीं वचनें वाटतील. तशीं तीं नाहींत.

दोनापासून आरंभ करून वर्गाचा वर्ग करीत गेल्यास अनुक्रमें ४, १६, २५६ व ६५,५३६ येतात. पांचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. यांचा गुणाकार करण्याचे श्रम घेण्याचें कारणच नाहीं. दोनास एक छेद. वर्ग केला कीं छेद दुप्पट होतात. म्हणून पांचव्या वर्गास बत्तीस व सहाव्यास चौसष्ट. गुणाकारांत छेदांची बेरीज होते, आणि बत्तीस व चौसष्ट मिळून शहाण्णव. तेव्हां तिसरें व चवथें हीं वचनें तंतोतंत एकच संख्या सांगतात. ती संख्या अशी : ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६.

घात वाढविण्याच्या या दोन रीतींचा भेद आपल्या बीजगणितांतील परिभाषेनेंही राखला आहे. घनवर्ग म्हणजे घनाचा वर्ग, अर्थात् सहावा घात. तेथें घातांकांचा गुणाकार होतो. पांचव्या घातास ब्रह्मगुप्त पंचगत म्हणतो, आणि वर्ग व घन यांच्या गुणाकारानें तो दाखवावयाचा तर ‘घात’ हें पद शेवटीं जोडून वर्गघनघात म्हणावें लागतें. ग्रीक डायोफँटसची रीत उलट : त्याच्या वर्ग-घन या जोडशब्दानें पांचवा घात समजावयाचा. ग्रीक सवयीनें आपली पोथी वाचणारा येथें फसेल.

आतां उरलीं पहिलीं दोन वचनें. तीं खरीं आहेत, परंतु तीं केवळ मर्यादा होत. दोनाच्या घातांपैकींच एकोणतीस स्थानांचे तीन आहेत : चौऱ्याण्णवावा, पंचाण्णवावा व शहाण्णवावा. मग केवळ स्थानें मोजून संख्या कशी ओळखावी ?

पोथ्या जमविणारांस याचा उपयोग रोकडा आहे. लेखकानें एक अंक गाळला, तर स्थानें अठ्ठावीस उरतात व दोष तत्काळ उघडा पडतो. अंक बदलला असेल तर नवांचा ताळा पाहावा. दोनाचें सहा वेळां द्विगुणन झालें कीं नवांनीं भागून एक उरतो, आणि शहाण्णवास सहांनीं नि:शेष भाग जातो. म्हणून बाकी एकच आली पाहिजे. वर दिलेल्या अंकांची बेरीज १२७, तिची बाकी एक. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असल्यास हा ताळा आंधळा आहे. शून्याच्या जागीं नऊ पडल्यासही तो कांहीं सांगत नाहीं. तेथें प्रत्यक्ष निमपट करीत जावें. शहाण्णवाव्या वेळीं नेमका एक न आला तर पाठ भ्रष्ट समजावा. काम कंटाळवाणें खरें, पण निकाल नि:संशय.

समान व असमान वचनांचा हा विवेक किती महत्त्वाचा, हें वीरसेनांच्या धवला टीकेवरून कळतें. इ. स. ८१६ च्या सुमाराची ही षट्खंडागमावरील टीका मूडबिद्री येथील ताडपत्रांत राहिली. तिचा पहिला खंड हिरालाल जैन यांनीं १९३९ मध्यें अमरावतीहून प्रसिद्ध केला, आणि १९४२ च्या चवथ्या खंडांत अवधेश नारायण सिंह यांनीं तिच्या गणिताचें विवेचन केलें. छेदांस धवलेंत अर्धच्छेद म्हणतात, व गुणाकारांत त्यांची बेरीज होते हा नियम तेथें सर्रास योजिलेला आहे. मूळ सूत्राप्रमाणें पर्याप्त मनुष्यांची संख्या सहाव्या वर्गाच्या वर व सातव्याच्या खालीं, तशीच कोटीच्या तिसऱ्या घाताच्या वर व चवथ्याच्या खालीं असावयास पाहिजे. शहाण्णव छेदांची संख्या पहिल्या अटींत बसते. दुसरींत बसत नाहीं. कोटीचा चवथा घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्यें, त्याचींही स्थानें एकोणतीसच, पण आपली संख्या त्याच्या जवळजवळ आठपट. स्थानांवर विसंबणाऱ्यास दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या. वीरसेन विसंबत नाहींत. मनुष्यक्षेत्राचें क्षेत्रफळ काढून इतकीं माणसें त्यांत मावणार नाहींत असें ते दाखवितात, आणि एकोणतीस अंकांची ती संख्या अग्राह्य ठरवितात.