समुद्राकाठचं दार आणि तीनशे वर्षांचं लाकूड

मी भांडगावचा, पुणे-सोलापूर रोडवरचा, दौंड तालुक्यातला. आमच्याकडं उन्हानं दार वाळतं, फट पडते. माझी आत्या श्रीवर्धनला दिलेली. तिथं पावसाळ्यात दार फुगतं नि चौकटीत अडकून बसतं. आता आतेभाऊ म्हणतोय, सगळी जुनी सागवानी दारं काढू, कंपोझिट बसवू. आत्या म्हणते, पुढचं दार मामंजींनी करून घेतलंय, ते हलणार नाही. दोघांनी मला विचारलं. म्हणून आजचा भाग दारावर.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. दाराच्या लाकडावर कायम दुसऱ्या कुणाचा तरी डोळा राहिलाय.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघा. आरमाराला सागवान हवं, तर हुकूम घेऊन तोडा. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाच्या कामाचं, पण त्याला हात लावू नका, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलीत. घ्यायचंच झालं, तर मालकाला राजी करून, पैसे मोजून घ्या. म्हणजे एकच साग, त्यातून जहाजही होणार आणि दारही!

मग इंग्रज आले. १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड लागायला लागलं. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारच्या ताब्यात गेलं. स्वातंत्र्यानंतर जंगल आणखी घटलं, तेव्हा १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं आपल्या बांधकामांत लाकूड वापरणंच थांबवलं. पर्यायी दारांना खरी मागणी आली ती अशी. कंपोझिट ही नुसती फॅशन नाही, जंगलाच्या टंचाईनं काढलेली ती वाट आहे.

आता फायबरचं कंपोझिट दार म्हणजे काय? बाहेरून काचतंतू आणि रेझिनचा थर, आत फोम. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही. खाऱ्या हवेत हे मोठं काम. पण पश्चिमेचं ऊन थेट पडलं, तर रेझिनचा रंग विटतो. आणि गंजतं ते दार नव्हे, बिजागरी! त्यामुळं बिजागऱ्या नि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. दुकानदार 'आयएस १४८५६' दाखवेल, पण ते मानक घरातल्या आतल्या दारांसाठी आहे. बाहेरच्या दाराला वेगळी हमी लिहून घ्या.

माझं मत? न्हाणीघर आणि मागच्या पडवीला कंपोझिट बसवा. पुढचं सागवानी दार मात्र ठेवा. फुगतं तिथं रंधा मारा, चारी कडांना तेल द्या, वर पागोळ्या अडवायला छपराचा पदर वाढवा. सागाच्या अंगातच तेल असतं, म्हणून तर त्याची जहाजं व्हायची. ते दार भंगारात दोन पैशाला जाईल, पण तसलं जुनं लाकूड परत मिळायचं नाही.

तुमच्या घरचं दार कशाचं आहे? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!