मालदांडी का टिकली?

पेरणी जवळ आली की गावात एकच चर्चा, यंदा कुठलं बियाणं घ्यायचं? आज या प्रश्नाची एक जुनी गोष्ट.

1964 साली सीएसएच-1 आली, देशातली पहिली संकरित ज्वारी. ठेंगणी, लवकर येणारी, खत दिलं की भरघोस पिकणारी. खरिपात ती झपाट्यानं पसरली. पण लवकर पिकल्यामुळे कणसं पावसात सापडायची, दाणे काळे पडायचे. ताट बुटकं, त्यामुळे कडबाही कमी. शिवाय घरचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत तो जोर राहत नाही, म्हणून दरवर्षी पिशवी विकत आणायची.

रब्बीत मात्र मालदांडी हलली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला 1930 च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेलं हे वाण, एम 35-1. काळ्या रानातल्या ओलीवर येणारं, उंच, मोत्यासारख्या दाण्याचं. भाकरी गोड, कडब्याला भाव, बीही घरचंच.

म्हणजे बघा, तोच शेतकरी खरिपात संकरित पेरत होता आणि रब्बीत मालदांडी. क्विंटलच्या जोडीला तो भाकरी आणि गोठाही हिशेबात धरत होता. यंदा पिशवी घेण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, ते काय काय मोजायचे?