अनुकृतीतून तैलचित्रण : तिशियनच्या ‘ख्रिस्ताच्या दफना’चा धडा

थोर चित्रकाराच्या कृतीसमोर बसून तिची अनुकृती करणे, ही तैलचित्रण शिकण्याची युरोपातील जुनी पद्धत आहे. इटलीतील चेन्निनो चेन्निनी याने 1400 च्या सुमारास लिहिलेल्या चित्रकलेच्या मार्गदर्शिकेत नवशिक्याला उत्तम गुरूंच्या कृती निवडून त्यांवरून नित्य सराव करण्याचा सल्ला दिला आहे. 1793 साली पॅरिसमधील लूव्र संग्रहालय जनतेसाठी खुले झाले आणि तेथील दालने चित्रकारांची शाळाच बनली.

या अभ्यासासाठी प्रबोधनकाळातील धार्मिक प्रसंगचित्रे विशेष उपयुक्त ठरतात. मानवी देह, वस्त्रांच्या चुण्या, प्रकाशयोजना आणि भावदर्शन या साऱ्यांचा अभ्यास त्यांत एकाच वेळी होतो. लूव्रमधील ‘ख्रिस्ताचे दफन’ हे त्याचे उत्तम उदाहरण. व्हेनिसच्या तिशियनने सुमारे 1520 साली रंगवलेले हे चित्र जवळजवळ दीड मीटर उंच आणि दोन मीटरांहून अधिक रुंद आहे. त्यात ख्रिस्ताचे मस्तक व छाती छायेत आहेत, तर पाय आणि शुभ्र कफन उजेडात. शोकाचे केंद्र असलेला चेहराच अंधारात ठेवण्याचे धाडस केवळ पाहून लक्षात येते. पण ते साधले कसे, हे ब्रश हाती घेतल्यावरच उमगते.

अनुकृतीची सुरुवात चौकटी आखून होते. मूळ चित्राच्या छायाचित्रावर आणि कॅनव्हासवर प्रमाणबद्ध चौकोन काढून आराखडा उतरवला जातो. त्यानंतर अस्तर दिलेल्या पृष्ठभागावर तपकिरी रंगाचा पातळ लेप देऊन, एकाच रंगात छायाप्रकाशाची मांडणी करतात. ही मांडणी चुकली, तर वरचे रंग कितीही सुंदर असले तरी देहाला वजन येत नाही. पुढे उजेडाचे भाग दाट, अपारदर्शक रंगाने उभारायचे आणि छाया पातळ व पारदर्शक ठेवायच्या. खालचा थर वाळल्यावर त्यावर तेलमिश्रित रंगाचा पारदर्शक लेप देतात. त्याला ग्लेझ म्हणतात. त्यातून खालचा प्रकाश झिरपतो आणि रंगाला खोली येते.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होते. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत क्रमाने अधिक, हा नियम पाळावा लागतो. तो मोडल्यास वरचा थर आधी वाळून तडकतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी लागू नये म्हणून तो ओलसर भिंतीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. जुन्या चित्रांतील शिशाचा सफेदा विषारी असल्याने त्याऐवजी टिटॅनियमचा पांढरा रंग वापरणे योग्य.

अनुकृती आणि बनावट चित्र यांतील सीमा हेतूने ठरते. लूव्रमध्ये नक्कल करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो, कॅनव्हासचा आकार मूळ चित्रापेक्षा वेगळा ठेवावा लागतो आणि मूळ चित्रकाराची सही उतरवण्यास मनाई असते. घरी शिकणाऱ्यानेही कॅनव्हासच्या मागे ‘तिशियनवरून’ असे लिहून आपले नाव व तारीख नोंदवावी.

गोव्याचा या परंपरेशी जुना संबंध आहे. 1579 साली गोव्याहून निघालेले जेझुइट धर्मगुरू 1580 मध्ये अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी नेलेल्या ख्रिस्ती चित्रांवरून आणि बायबलमधील मुद्राचित्रांवरून मुघल चित्रकारांनी अनुकृती केल्या. मात्र त्यांनी तैलरंग नव्हे, तर स्वतःचे जलरंग वापरले आणि परक्या छायाप्रकाशाला आपल्या लघुचित्रशैलीत सामावून घेतले.

तिशियनच्या याच दफनचित्राची अनुकृती फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको यानेही केली होती. पुढे 1819 साली त्याने ‘मेड्युसाचा तराफा’ हे भव्य चित्र प्रदर्शित केले. त्यातील प्रेते ही ख्रिस्ताची नव्हेत, समकालीन जहाजफुटीत बळी पडलेल्या माणसांची आहेत. अनुकृती पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्यानेही तीच प्रकाशयोजना घेऊन समोर बसलेल्या माणसाचे चित्र रंगवावे. शिकलेले किती आणि नुसते उतरवलेले किती, हे तेव्हाच कळते.