छायाचित्र अचूक, अर्थ चुकीचा: देवयानीची गोष्ट

१/८ २९ डिसेंबर १८८८. लिव्हरपूलजवळील मॅघल येथील आपल्या खासगी वेधशाळेतून आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. व्यवसायाने ते इमारतींचे कंत्राटदार. खगोलशास्त्र हा त्यांचा छंद. छायाचित्र अचूक निघाले. त्याचा लावलेला अर्थ मात्र पुढे टिकला नाही.

२/८ तोवर तेजोमेघांचे स्वरूप हस्तरेखाटनांवरून ठरत असे. लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ७२ इंची दुर्बिणीतून एका तेजोमेघाचा सर्पिल आकार टिपला होता. देवयानी मात्र आपल्याला बरीच तिरकी दिसते. जॉर्ज बाँड यांना तिच्यात काळ्या रेघा दिसल्या, पण त्यांचा उलगडा होईना.

३/८ मार्ग दाखवला जिलेटिनच्या कोरड्या प्लेटने. ओली प्लेट काही मिनिटांत वाळून निकामी होई. कोरड्या प्लेटवर तासन्‌तास प्रकाश साठवता येई. मानवी डोळ्याला हे शक्य नाही.

४/८ पण तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते. रॉबर्ट्स यांची २० इंची परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली. घड्याळी यंत्रणा तिला ताऱ्यांमागे फिरवी, तर जोडीच्या ७ इंची भिंगाच्या दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवून झालेली चूक सावरली जाई. असे चार तास.

५/८ प्लेटवर स्पष्ट झाले की बाँड यांच्या रेघा म्हणजे तेजस्वी पट्ट्यांमधील फटी होत. रॉबर्ट्स यांना त्यात लाप्लास यांच्या सिद्धान्ताप्रमाणे घडत असलेली नवी सूर्यमाला दिसली.

६/८ हा तर्क निराधार नव्हता. १८८५ मध्ये देवयानीत एक नवा तारा झळकला होता. देवयानी अतिदूर मानली, तर त्या ताऱ्याचे तेज अशक्यप्राय ठरे. म्हणून अनेकांनी तिला जवळची मानले.

७/८ उत्तरही प्लेटवरच मिळाले. १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात एडविन हबल यांना सेफिड जातीचा रूपविकारी तारा सापडला. त्याच्या आवर्तनकाळावरून खरे तेज आणि त्यावरून अंतर निघाले. देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. आजच्या मापनानुसार ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. १८८५ चा तारा हा अतिनवतारा होता.

८/८ आज हौशी निरीक्षक घराच्या अंगणातून लहान दुर्बीण व डिजिटल कॅमेऱ्याने देवयानी टिपतात. मार्गदर्शक ताऱ्यावरची नजर आता संगणक ठेवतो. पद्धत रॉबर्ट्स यांच्याच काळातली. त्यांच्या प्लेटवर दीर्घिका पूर्ण उमटली होती. उमटले नव्हते ते तिचे अंतर, आणि त्यावाचून ती दीर्घिका आहे हे ओळखणे शक्य नव्हते.