ठोके वाढवले आणि विमान सुरळीत उडाले
उडण्याची हौस माणसाला फार जुनी. पण घरी खुर्चीत बसून उडायचे म्हटले, की धाप लागते ती संगणकाला! १९९७ साली ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ९८’ हा खेळ निघाला. विमानाचा कल, वेग, खालची जमीन, साऱ्यांचा हिशेब प्रोसेसरने क्षणोक्षणी करायचा. तो रेंगाळला, की चित्र अडखळे आणि ऐन उतरताना विमान हातचे जाई.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने आणलेल्या प्रोसेसरांपैकी हे दोन: ४५० मेगाहर्ट्‌झचा महागडा पेंटियम टू आणि ३०० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोक्यांचा, स्वस्त सेलेरॉन ३००ए. सेलेरॉनचा गुणक साडेचारावर जखडलेला होता. पण मूळ ठोका येई मदरबोर्डाकडून. हौशी मंडळींनी तो ६६ वरून १०० वर नेला. शंभर साडेचारे किती? साडेचारशे!

प्रत्येक सेलेरॉन हे सोसेच असे नाही. उष्णता वाढे, संगणक मध्येच बंद पडे, आणि कंपनीच्या हमीवर तर पाणीच सोडावे लागे. तरी पुष्कळांचे साधले. बेताच्या खिशाला महागडा वेग लाभला, तो मात्र फुकट नव्हे. नव्याकोऱ्या प्रोसेसरची जोखीम पत्करून.