काळीज आणि मीठ

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. आमच्या घरातल्या दखनी बोलीत मिठाला नमक म्हणतात आणि बेइमानाला नमकहराम. काळीजसुद्धा मिठाला जागते, ही गोष्ट मात्र मी कवितेत नव्हे, विज्ञानाच्या इतिहासात वाचली. हे मीठ केवळ ताटातले नव्हे. रक्तात विरघळलेले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे क्षार, असा त्याचा अर्थ.

१८८२ च्या सुमारास लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यावर चालवून पाहत होते. पुढे त्यांनी शुद्ध केलेले पाणी वापरले, तर ते हृदय चालेना. आधीचे पाणी नळाचे होते आणि त्यातल्या कॅल्शियमवर हृदय धडधडत होते! १८८३ मध्ये रिंगर यांनी स्वतःच हे छापून सांगितले. पोटॅशियमही हवे, पण बेताचे. फार झाले तर हृदय थांबते, हेही त्यांनी ओळखले. आपल्या दवाखान्यांत लावतात त्या ‘रिंगर लॅक्टेट’च्या बाटलीवर नाव आहे ते याच रिंगर यांचे.

मग हॉलंडमध्ये लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी हृदयातली वीज टिपणारे यंत्र केले. त्यासाठी रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवावा लागे. १९२४ चे नोबेल त्यांना मिळाले. त्याआधी १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी दाखवले होते, की हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की आलेखातली ठरावीक रेषा वर उचलली जाते. रेषा उचलली की झटका, असे समीकरण पुढे रुजत गेले.

१९५६ मध्ये लेव्हाइन, वॉन्झर आणि मेरिल या अमेरिकी डॉक्टरांनी या समीकरणाला धक्का दिला. रक्तात पोटॅशियम फार वाढलेल्या रुग्णांचे आलेख झटक्यासारखेच दिसत होते. पण डायलिसिसने पोटॅशियम उतरले, की ती खूणही जात होती.

असे का होते? ईसीजीचे यंत्र रक्तवाहिनी पाहत नाही, ते फक्त वीज टिपते. ही वीज घडते क्षारांच्या ये-जा करण्यातून. तेच बिघडले, तर वाहिनी मोकळी असूनही रेषा उचलली जाऊ शकते. कॅल्शियम फार वाढले तरी असे घडू शकते.

इथे प्रश्न जिवाचा असतो. झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध देतात. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. पोटॅशियम वाढलेल्याला हवे असते कॅल्शियमचे इंजेक्शन, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन आणि गरज पडल्यास डायलिसिस. त्यात उशीर झाला तर हृदय बंद पडू शकते.

म्हणून छातीत कळ आली, तर घरी तर्क करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. मात्र रुग्णाला मूत्रपिंडाचा विकार असेल, डायलिसिस चुकले असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. यंत्र विजेची हकिकत सांगते; माणसाची हकिकत घरच्यांनीच सांगावी लागते.